जेलमधलं लॉगिन आणि टर्मिनलचे बिघाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर विद्यार्थ्यांना एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करायच्या सोयीने) लॉगिन मिळतं, पण मोकळं नाही. पासवर्ड जुळला की सर्व्हर त्यांना एका ठरावीक डिरेक्टरीत नेऊन ठेवतो आणि तिच्याबाहेरचं त्यांना काहीच दिसत नाही. सगळे याला ‘जेल’ म्हणतात. सबमिशनच्या आठवड्यात रात्री अकरा-बाराला येणारे फोन या जेलमधूनच येतात आणि पलीकडचा आवाज आधीच घाबरलेला असतो: “सर, माझ्याकडून काहीतरी बिघडलं.” बहुतेकदा त्याच्याकडून काहीच बिघडलेलं नसतं. जेलमध्ये एखादी वस्तू ठेवायची राहिलेली असते आणि ती ठेवणं हे आमचं काम असतं. हे पान दोघांसाठी आहे: आत अडकलेल्यांसाठी आणि जेल बांधणाऱ्यांसाठी.

कमांड इथे फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाका. टर्म, लँग, एलसी ऑल (मध्ये जागा नाही, अंडरस्कोर), पाथ, टीएमआउट ही व्हेरिएबलची नावं आणि ‘सी.यूटीएफ-८’ हे लोकेलचं नाव तेवढी मोठ्या अक्षरांत. कळफलक मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा.

जेल म्हणजे नेमकं काय? त्यात टर्मिनलच का बिघडतं?

जेलच्या मुळाशी सीएचरूट नावाची सोय आहे. ती १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं की ही डिरेक्टरी म्हणजेच तुझी ‘/’, सगळ्या डिरेक्टरींचं मूळ. ओपनएसएसएचच्या सेटिंगमध्ये सीएचरूट-डिरेक्टरी हा पर्याय २००८ मध्ये आला आणि तेव्हापासून लॉगिनलाच असं कोंडणं सोपं झालं.

भाड्याने घेतलेली रिकामी खोली डोळ्यांसमोर आणा. चार भिंती आहेत, दार आहे, पण बादली नाही, गॅस नाही, दिव्याचा बल्बसुद्धा तुम्हीच आणायचा. सीएचरूट तशी खोली देतं. शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ बॅश), त्याच्या लायब्ररी, ‘/डेव्ह’मधली उपकरणं, टर्मिनलांची वर्णनं, लोकेल (भाषा-लिपीची माहिती) असं सगळं कुणीतरी आणून ठेवावं लागतं. साध्या कामाला यातलं थोडंच पुरतं. टर्मिनलला मात्र सगळंच लागतं, म्हणून उणीव सगळ्यात आधी तिथे दिसते.

बिघाड शोधताना तीन ठिकाणं वेगळी ठेवा. पहिलं, तुमच्या हातातला टर्मिनल प्रोग्राम: पुटी, विंडोज टर्मिनल, किट्टी किंवा मोबाइलवरचं टर्मक्स. दुसरं, सर्व्हरवरच्या एसएसएचने तुमच्यासाठी उघडलेलं आभासी टर्मिनल. त्याला पीटीवाय म्हणतात. तिसरं, जेलच्या आत चालणारे प्रोग्राम. मेसेज आला की तो कोण बोलतंय ते आधी बघा. बहुतेक मेसेजच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं असतात: ‘बॅश:’, ‘टीमक्स:’, ‘सुडो:’. एवढं एक बघितलं तरी अर्धा शोध संपतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन होताक्षणी कनेक्शन तुटतं. का?

तुमच्या स्क्रीनवर ‘कनेक्शन क्लोज्ड’ किंवा ‘ब्रोकन पाइप’ एवढंच दिसतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं आणि तो तुम्हाला दिसत नाही. त्यामुळे पासवर्ड बदलत बसू नका. वेळ लिहून आम्हाला कळवा.

जेल बांधणाऱ्यांसाठी: लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर सीएचरूट डिरेक्टरी’ असं दिसलं तर कुणीतरी परवानग्या हलवल्या आहेत. जेलची डिरेक्टरी आणि ‘/’पासून तिच्यापर्यंतची वाटेतली प्रत्येक डिरेक्टरी रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) मालकीची हवी आणि रूटखेरीज कुणालाही, ग्रुपलासुद्धा, तिथे लिहिता येता कामा नये. एका पायरीवर चुकलं तरी ओपनएसएसएच दार उघडत नाही. विद्यार्थ्याला फाइल ठेवायला जागा हवी म्हणून जेलच्याच मुळावर ७७७ (सगळ्यांना लिहायची परवानगी) चालवणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. जागा द्यायची ती आतल्या होम डिरेक्टरीत.

लॉग स्वच्छ असेल, पण ‘/बिन/बॅश: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येत असेल, तर ते नीट समजून घ्या. तुम्ही जाऊन बघता, बॅश जागेवर असतो. मग नाही ते काय? बॅश चालवायला आधी एक लोडर लागतो. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर तो ‘लिब६४’ डिरेक्टरीत असतो आणि त्याचं नाव ‘एलडी-लिनक्स’ने सुरू होतं. तो जेलमध्ये नसला की कर्नल (लिनक्सचा गाभा) म्हणतो ‘फाइल नाही’, आणि मेसेजमध्ये नाव मात्र बॅशचं येतं. बाहेर मुख्य सर्व्हरवर ‘एलडीडी /बिन/बॅश’ चालवा, येईल ती प्रत्येक लायब्ररी आणि तो लोडर त्याच वाटेवर जेलमध्ये ठेवा. पहिल्यांदा जेल बांधला तेव्हा मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, कारण समोर दिसणारी फाइल ‘नाही’ कशी, यातच मी अडकून पडलो होतो.

‘धिस सर्व्हिस अलाउज एसएफटीपी कनेक्शन्स ओन्ली’ असं आलं तर बिघाड काहीच नाही. तुमचं खातं फक्त फाइली नेण्या-आणण्यासाठी आहे; शेल हवा असेल तर तसा अर्ज करा. अशा खात्यावर फाइल कॉपी करणारी जुनी एससीपी कमांड चालत नाही. ओपनएसएसएच ९.० पासूनचं, म्हणजे २०२२ नंतरचं एससीपी आतून एसएफटीपीच वापरतं, म्हणून ते चालतं. शेजारच्याचं चालतं आणि माझं नाही, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

‘पीटीवाय अलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०’ म्हणजे काय?

हा मेसेज तुमच्या बाजूचा एसएसएच देतो: मी पीटीवाय मागितलं, सर्व्हरने नाही म्हटलं. दोन शक्यता. तुमच्या की-फाइलच्या ओळीत ‘नो-पीटीवाय’ किंवा ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिलेलं असेल किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘परमिट-टीटीवाय नो’ असेल; म्हणजे हे मुद्दाम बंद ठेवलंय. नाहीतर सर्व्हरवर ‘/डेव्ह/पीटीएस’ ही पीटीवायची डिरेक्टरी माउंट केलेली (जोडलेली) नाही किंवा पीटीवायची मर्यादा भरली आहे. दुसरी शक्यता असेल तर एकाच वेळी सगळ्यांचे फोन येतात. एकट्या तुम्हालाच येत असेल तर पहिली.

प्रॉम्प्ट दिसत नाही, पण कमांड चालतात. आणि ‘नो जॉब कंट्रोल इन धिस शेल’ येतं.

तुम्ही एसएसएचला कमांड जोडून चालवलीत, म्हणून त्याने पीटीवाय मागितलंच नाही. ‘एसएसएच’नंतर ‘-टी’ द्या, लहान टी. स्क्रिप्टमधून चालवत असाल आणि ‘स्यूडो-टर्मिनल विल नॉट बी अलोकेटेड’ येत असेल तर ‘-टीटी’, म्हणजे दोनदा. मात्र आउटपुट फाइलमध्ये साठवायचं असेल तेव्हा टी देऊ नका. पीटीवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न घालतं आणि फाइल खराब होते.

‘अननोन टर्मिनल टाइप’, ‘एरर ओपनिंग टर्मिनल’, ‘टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल’. टॉप, नॅनो, लेस काहीच चालत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर कळलं की आयुष्यभर पुरतं.

एसएसएच पीटीवाय मागताना सर्व्हरला तुमच्या टर्मिनलचं नाव सांगतं, आणि खिडकीत किती ओळी, किती रकाने हेही. ते नाव ‘टर्म’ व्हेरिएबलमध्ये येतं, उदाहरणार्थ ‘एक्सटर्म-२५६कलर’. नॅनोसारखा प्रोग्राम ते नाव घेऊन टर्मइन्फो नावाच्या संग्रहात जातो. स्क्रीन पुसायची कशी, कर्सर वर न्यायचा कसा, लाल रंग लावायचा कसा, हे प्रत्येक टर्मिनलच्या नावाखाली तिथे लिहिलेलं असतं. नाव सापडलं नाही की प्रोग्राम थांबतो, आणि ते योग्यच आहे. भलत्याच खुणा पाठवून स्क्रीनचा चिखल करण्यापेक्षा थांबणं बरं.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. ‘एको डॉलर टर्म’ चालवा, डॉलरचं चिन्ह टर्मला चिकटून. उत्तर ‘एक्सटर्म-किट्टी’, ‘अलाक्रिटी’, ‘एक्सटर्म-घोस्टी’ असं काही नवं असेल, तर सर्व्हरला ते नाव ठाऊक नाही. ‘एक्सपोर्ट टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ करा, बरोबरीच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा न सोडता. काम लगेच सुरू होतं. रोज करायचं नसेल तर तुमच्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये आमच्या सर्व्हरच्या नावाखाली ‘सेट-एन्व्ह टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ ही ओळ घाला (सेट-एन्व्ह सलग, मधली रेघ न देता). ओपनएसएसएच ८.७ पासून ती चालते.

उत्तर ‘एक्सटर्म-२५६कलर’च असेल आणि तरीही एरर येत असेल, तर खोलीत संग्रहच ठेवलेला नाही. ती आमची चूक, कळवा. तोवर ‘टर्म’ला भलतीसलती नावं देऊन बघू नका. ‘डम्ब’ दिलं तर एरर कमी होतात, पण नॅनो, टॉप ही पूर्ण स्क्रीनवर चालणारी कामं मग चालतच नाहीत.

जेल बांधणाऱ्यांसाठी एक खाच. संग्रह ‘/यूएसआर/शेअर/टर्मइन्फो’मध्ये असतो असं सगळे म्हणतात आणि तेवढाच कॉपी करतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये रोजच्या टर्मिनलांची वर्णनं कित्येक वर्षं ‘/लिब/टर्मइन्फो’मध्ये राहिली आहेत. आधी बाहेर ‘इन्फोसीएमपी’ चालवा. पहिल्या ओळीत तो कुठली फाइल वाचतोय ते सांगतो. ती फाइल त्याच वाटेने आत न्या. नावाच्या पहिल्या अक्षराची डिरेक्टरी असते, एक्सटर्मसाठी ‘एक्स’, ती विसरू नका. एकट्या विद्यार्थ्याला नवं टर्मिनल वापरायचं असेल तर त्याच्या होममधल्या ‘.टर्मइन्फो/एक्स’मध्ये फाइल ठेवली तरी भागतं, रूटची गरज पडत नाही. लॅपटॉप ॲपलचा असेल तर त्याच्या संग्रहात ‘एक्स’च्या जागी ‘७८’ अशी डिरेक्टरी असते, कारण लहान एक्सचा हेक्स आकडा ७८ आहे. डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून आणली तर इथे सापडत नाही.

प्रॉम्प्टमध्ये माझ्या नावाऐवजी ‘आय हॅव नो नेम!’ येतं. खातं उडालं का?

नाही. खातं शाबूत आहे, फाइलीही. कर्नल तुम्हाला आकड्याने ओळखतो. आकड्यावरून नाव शोधायला बॅशला ‘/ईटीसी/पासवर्ड’ची यादी लागते. त्या फाइलीचं नाव लिहिताना ‘पास’ आणि पुढे फक्त ‘डब्ल्यूडी’. ती जेलमध्ये नसली की बॅश असं म्हणतो. आम्ही तुमची एक ओळ तिथे घातली की नाव परत येतं. मुख्य सर्व्हरची अख्खी यादी आत नेऊ नये. सगळ्या खात्यांची नावं उगाच उघडी पडतात. ओळ आहे आणि तरी नाव येत नाही असं जुन्या सिस्टिमवर झालं, तर ‘लिब-एनएसएस-फाइल्स’ ही लायब्ररी राहिलेली असते. जीलिबसी २.३४ पासून ती मुख्य लायब्ररीतच आली आहे.

स्क्रीन (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) म्हणतं ‘मस्ट बी कनेक्टेड टू अ टर्मिनल’. मी टर्मिनलवरच तर आहे!

तुम्ही आहातच. पण ‘टीटीवाय’ ही कमांड चालवून बघा. ‘नॉट अ टीटीवाय’ असं येईल. एसएसएच तुमचं पीटीवाय जेलमध्ये शिरण्याआधी, बाहेर उघडतं. वायर तुमच्या हातात आहे, पण तिचं टोक खोलीत कुठेच दिसत नाही, कारण आत ‘/डेव्ह/पीटीएस’ नाही. साध्या कमांडना वायर पुरते. स्क्रीनला टर्मिनलचं नाव लागतं, आणि नवी पीटीवाय उघडायला ‘/डेव्ह/पीटीएमएक्स’ही लागतं. टीमक्स हा तसाच दुसरा प्रोग्राम, त्याचंही तेच दुखणं. जीपीजीला (फाइली एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामला) ‘टीटीवाय’चं उत्तर पुरवावं लागतं, म्हणून तेही इथेच अडतं.

बाहेरचं ‘/डेव्ह/पीटीएस’ जेलमधल्या त्याच नावाच्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट करावं. नवं वेगळं डेव्हपीटीएस माउंट केलं तर स्क्रीन नव्या पीटीवाय उघडू शकेल, पण तुम्ही ज्यावर बसलात ते आत दिसणार नाही. माउंट ‘एफएसटॅब’मध्ये नोंदवा. ‘काल चालत होतं, आज नाही’ अशी तक्रार आली की मी आधी अपटाइम बघतो: रात्री सर्व्हर रीबूट झालेला असतो आणि हाताने केलेलं माउंट गेलेलं असतं.

टीमक्सला आणखी दोन गोष्टी हव्यात. सॉकेट ठेवायला ‘/टेम्प’, १७७७ परवानगीची. आणि यूटीएफ-८ लोकेल. लोकेल नसलं तर तो तसं स्पष्ट सांगतो. त्याबद्दल पुढे.

‘/डेव्ह/नल: परमिशन डिनाइड’. नलवर लिहायला परवानगी कसली?

नल म्हणजे नको ते आउटपुट गिळून टाकणारं उपकरण, म्हणून हा प्रश्न विचारणारी मुलगी अगदी बरोबर होती. तिची स्क्रिप्ट घरच्या लॅपटॉपवर चालत होती, इथे पहिल्याच ओळीला पडत होती. मी तिला ‘एलएस -एल /डेव्ह/नल’ चालवायला सांगितलं आणि ओळ अक्षर-अक्षर वाचून दाखवायला सांगितली. पहिलं अक्षर ‘सी’ यायला हवं, कॅरेक्टर डिव्हाइसचं. तिने वाचलं, “डॅश.” आकाराच्या जागी ‘१, ३’ असे दोन आकडे हवेत, तिथे एक लांबलचक संख्या होती. म्हणजे नल हे उपकरण राहिलंच नव्हतं, ती साधी फाइल झाली होती. जेलमध्ये नल ठेवायचं राहिलं होतं आणि रूट म्हणून आत चालवलेल्या एका देखभाल-स्क्रिप्टने आपलं नको ते आउटपुट ‘/डेव्ह/नल’मध्ये टाकलं, फाइल नव्हती, तर शेलने ती तयार केली. स्क्रिप्ट आम्हीच चालवली होती. मी तिला तसं सांगितलं आणि दोन मिनिटांत दुरुस्त केलं.

दुरुस्ती अशी: ती फाइल काढा आणि ‘एमकेनॉड’ने सी, १, ३ असं उपकरण बनवा, परवानगी ६६६. झीरोसाठी १ आणि ५, यूरँडमसाठी १ आणि ९, टीटीवायसाठी ५ आणि ०, पीटीएमएक्ससाठी ५ आणि २. उपकरणं बरोबर दिसूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर जेल ज्या पार्टिशनवर आहे त्यावर ‘नोडेव्ह’ पर्याय लागलाय का ते बघा. होमच्या पार्टिशनवर तो बऱ्याचदा असतो, आणि तिथे कुठलंही उपकरण चालत नाही.

‘/डेव्ह/टीटीवाय’ राहिलं तर वेगळीच गंमत होते: आतून दुसऱ्या सर्व्हरवर एसएसएच केलं की पासवर्ड विचारलाच जात नाही, थेट ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’. पासवर्ड किंवा ‘येस’ विचारायला एसएसएच तेच उपकरण उघडतं, ते मिळत नाही, आणि तो गप्प हार मानतो.

चुकून फाइल कॅट केली (‘कॅट’ कमांडने स्क्रीनवर छापली) आणि सगळी अक्षरं चौकटी-रेघा झाली.

घाबरू नका, सर्व्हरला काही झालेलं नाही. ती बायनरी फाइल होती आणि तिच्यात टर्मिनलला हुकूम देणारे बाइट निघाले. एस्केप, उघडा कंस आणि शून्य असा क्रम आला की टर्मिनल लहान अक्षरांच्या जागी रेघा काढायला लागतं; ही रीत १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून चालत आली आहे.

काही दिसत नसलं तरी ‘रीसेट’ टाइप करून एंटर मारा. एंटरने ओळ पुढे जात नसेल तर एंटरऐवजी कंट्रोल-जे. जेलमध्ये टर्मइन्फो नसेल तर रीसेटसुद्धा अडतो. तेव्हा ‘प्रिंटएफ’ आणि पुढे सिंगल कोटमध्ये बॅकस्लॅश ०३३ सी. हा प्रिंटएफ बॅशच्या पोटातच असल्यामुळे बाहेरची फाइल लागत नाही. टाइप केलेलं दिसत नसेल तर त्यानंतर ‘एसटीटीवाय सेन’.

विममध्ये फाइल सेव्ह केली आणि टर्मिनल गोठलं.

तुम्ही कंट्रोल-एस दाबलंत. विंडोजवर हात बसलेला असतो, चूक नाही. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ ‘आउटपुट थांबव’ असा आहे, टेलिप्रिंटरच्या काळापासून. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं जिवंत होतं. खिडकी बंद करू नका, आधी क्यू. हे कायमचं टाळायला बॅशआरसीमध्ये (तुमच्या होममधल्या बॅशच्या सेटिंग-फाइलीत) ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ घाला.

बॅकस्पेस दाबलं की टोपी (^) आणि एच उमटतो.

तुमचं टर्मिनल ८ पाठवतं, सर्व्हर १२७ ची वाट बघतो, किंवा उलट. ‘एसटीटीवाय इरेज’ लिहा, एक जागा सोडा, कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस, आणि एंटर. पुटीमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्येच हा पर्याय आहे, तिथे १२७ निवडा.

लांब कमांड लिहिली की ओळ स्वतःवरच चढते.

प्रॉम्प्ट रंगीत केलाय? रंगाच्या खुणा बॅकस्लॅश-उघडा चौकोनी कंस आणि बॅकस्लॅश-बंद चौकोनी कंस यांच्यामध्ये हव्यात. नसतील तर बॅश त्यांची लांबीही मोजतो आणि ओळ कुठे मोडायची ते त्याला चुकीचं कळतं. प्रॉम्प्ट साधा असेल तर ‘एसटीटीवाय साइझ’ बघा. खिडकीशी जुळत नसेल तर ‘एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १२०’ असे आकडे द्या; ‘रोज’ म्हणजे ओळी, ‘कॉल्स’ म्हणजे रकाने.

‘अहवाल’ नावाची फाइल चढवली. आता तिथे बॅकस्लॅश आणि आकडे दिसतात.

फाइल सुरक्षित आहे. नावही सुरक्षित आहे. दाखवणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही, एवढंच. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं: अ, ह, व, काना, ल अशी पाच चिन्हं म्हणजे १५ बाइट. लोकेल नसलं की ‘एलएस’ त्या बाइटांचे ऑक्टल आकडे छापतो. ३४०, २४४, २०५ हे तीन दिसले की समजा, तो ‘अ’ आहे.

‘लोकेल -ए’ चालवा. यादीत ‘सी.यूटीएफ-८’ असेल तर ‘एक्सपोर्ट एलसी ऑल=सी.यूटीएफ-८’ करा, नाव लगेच मराठीत दिसेल. यादीत नुसते ‘सी’ आणि ‘पॉझिक्स’ असतील तर आम्हाला कळवा. ‘/यूएसआर/लिब/लोकेल’ आत आणायचं राहिलंय. ‘कॅनॉट चेंज लोकेल’ ही सूचनाही त्याचमुळे येते: डेबियन-उबुंटूचा एसएसएच तुमच्या लॅपटॉपचं लोकेल सोबत पाठवतो, आणि ते इथे नसतं.

माझी सहकाऱ्यांना कळकळीची विनंती: ‘फाइलींना इंग्रजी नावं द्या’ असं सांगून हा प्रश्न मिटवू नका. एक डिरेक्टरी कॉपी करायची आहे. तेवढ्यासाठी कुणाला आपल्या भाषेत फाइलीचं नाव ठेवता येऊ नये, हे मला पटत नाही.

लोकेल बरोबर असूनही जोडाक्षरं फुटलेली, वेलांटी भलतीकडे आणि कर्सर दोन घरं पुढे असं दिसत असेल, तर ते पहिल्या ठिकाणचं, म्हणजे तुमच्या टर्मिनल प्रोग्रामचं दुखणं आहे. टर्मिनल एका चिन्हाला एक घर या हिशेबावर उभं आहे आणि देवनागरी त्या हिशेबात बसत नाही. दुसरा टर्मिनल प्रोग्राम घेऊन बघा. लांब मराठी मजकूर लॅपटॉपवर लिहून चढवलेला बरा.

शेल चालतो, पण एसएफटीपी म्हणतं ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५’.

हा आकडा म्हणजे तुमचेच शब्द आहेत. एसएफटीपी पहिले चार बाइट मेसेजची लांबी म्हणून वाचतं. तुमच्या बॅशआरसीमध्ये ‘वेलकम’ छापणारी ओळ आहे. इंग्रजीतल्या त्या शब्दाची पहिली चार अक्षरं संख्या म्हणून वाचली की बरोबर १४६६२६४६७५ येतं. एकाने ‘नमस्कार’ छापला होता, त्याला ३७६८८८७५२० आलं: ‘न’चे तीन बाइट आणि ‘म’चा पहिला. आकडा हेक्समध्ये उलगडला की कुठली ओळ काढायची ते कळतं. ती ओळ बॅश-प्रोफाइलमध्ये हलवा.

‘रिस्ट्रिक्टेड’ असं म्हणून साधं सीडीसुद्धा करू देत नाही.

ते जेल नाही, आरबॅश आहे, म्हणजे हात बांधलेला बॅश. त्यात सीडी नाही, पाथ बदलता येत नाही, कमांडच्या नावात ‘/’ चालत नाही, आउटपुट फाइलमध्ये वळवता येत नाही. हे मुद्दाम आहे, बिघाड नव्हे. प्रशासकांनी मात्र एकट्या आरबॅशवर विसंबू नये. पाथमध्ये विम ठेवला तर त्याच्या आतून सरळ मोकळा शेल उघडता येतो.

चहा घेऊन आलो तर टर्मिनल थिजलेलं. कंट्रोल-सीही चालत नाही.

मधल्या राउटरने शांत कनेक्शन विसरून टाकलं. एंटर, मग टिल्ड, मग टिंब दाबा. तुमचा एसएसएच सुटतो. पुढच्या वेळेसाठी कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६०’ घाला (नाव सलग, मधल्या रेघा न देता). ‘ऑटो-लॉगआउट’ असं वाचायला मिळालं असेल तर मात्र ते टीएमआउट आहे, काही टाइप न करता ठरावीक वेळ गेली की बाहेर काढणारं, आम्ही लावलेलं, आणि ते त्याने थांबणार नाही. लांब चालणारं काम नेहमी स्क्रीन किंवा टीमक्समध्ये सुरू करा.

मदत मागताना काय पाठवू?

मेसेज जसाच्या तसा, पहिल्या शब्दापासून. ‘चालत नाही’ एवढ्यावरून मला काही कळत नाही, आणि तुम्हाला पुन्हा विचारण्यात रात्र जाते. सोबत ‘एको डॉलर टर्म’, ‘टीटीवाय’ आणि ‘लोकेल’ या तिन्हींची उत्तरं, तुमच्या टर्मिनल प्रोग्रामचं नाव, आणि घड्याळातली वेळ, मिनिटासकट. लॉगमध्ये मी त्या वेळेवरूनच शोधतो. लॉगिनच होत नसेल तर ‘एसएसएच -व्ही’ चालवून आलेलं सगळं. पासवर्ड किंवा खासगी की कधीही पाठवू नका, मी मागितली तरी. सबमिशन उद्या असेल तर तेही लिहा. आधी तुमच्या फाइली बाहेर काढून देतो, बिघाड मग शोधू.